आधी जुना पार्ट दाखवा

या देशात गाड्या दुरुस्त करणारे लाखो असतील, पण गाडीची विचारपूस करणारा माणूस एकच आहे आणि तो नागपुरात, आमच्या मागच्या गल्लीत राहतो. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करते आहे. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. फुटपाथ, रेशन, शहर बस, नळाचं पाणी, विषय कुठलाही द्या, अर्ध्या तासात एक पान सणसणीत मजकूर हातात ठेवीन. त्यामुळे वाढवून सांगायची मला सवय आहे, हे कबूल. पण काकांच्या बाबतीत ती सोय नाही. वाढवायला जेवढी जागा असते तेवढी त्यांनी स्वतःच आधी अडवून ठेवलेली असते.

काका म्हणजे माझ्या बाबांचे दोस्त. दोघं सरकारी बसच्या वर्कशॉपमध्ये एकाच पाळीला फिटर होते. बाबा गेले, काका रिटायर झाले, वर्कशॉपचे पत्रे दोनदा बदलले. पण तिथला एक नियम काकांच्या अंगातून काही निघाला नाही. जुना पार्ट जमा केल्याशिवाय स्टोअरमधून नवा पार्ट मिळत नसे. तुटका असो, जळका असो, त्याचा तुकडा उरलेला असो, आधी खिडकीवर जुना ठेवायचा, मग नवा मागायचा. एवढाच नियम. काकांनी त्याचा धर्म केला. घरी नवा टूथब्रश काढायचा तर ते जुना ब्रश आधी काकूंच्या हातात देतात. औषधाच्या दुकानात रिकामी पट्टी काउंटरवर ठेवल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. धंतोलीतल्या एका दातांच्या डॉक्टरकडे त्यांनी दाढ काढली आणि उठून सरळ हात पुढे केला, "जुना माल?" डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. ती दाढ आज त्यांच्या शोकेसमध्ये आहे.

या शोकेसबद्दल वेगळं सांगायला हवं. लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात, काचेचा ताजमहाल असतो, पोरांनी धावण्यात मिळवलेले कप असतात. काकांच्या शोकेसमध्ये मेलेले पार्ट आहेत. प्रत्येकाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आणि तिच्यावर काकांचं मोत्यासारखं अक्षर. "क्लच प्लेट. अकरा वर्षे सेवा. तक्रार नाही." "फॅन बेल्ट. अचानक." "हॉर्न. शेवटपर्यंत बोलत होता." आणि त्याच ओळीत, "दाढ. डावी, खालची. पंचावन्न वर्षे." काकू कपाळावर हात मारून सांगतात, "पाहुणा आला का पाण्याच्या आधी बेअरिंग दाखवते हा माणूस. माह्या लग्नाचा अल्बम आजपावतो कोणी पायला नाही." यावर काकांचं उत्तर ठरलेलं आहे. ते म्हणतात, "अल्बममधले लोकं सारे जित्ते हायत. त्यायले काय पाहाचं?"

काकांच्या पँटच्या खिशात कायम एक वीतभर लांब, लाकडी मुठीचा पेचकस असतो. पेच फिरवायला ते तो क्वचितच वापरतात. टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. गाडीला ते 'बाई' म्हणतात आणि 'खराब' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. "खराब नोको म्हणू वं. नाराज हाय ते. काहून नाराज हाय ते इचार." सिग्नलला उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या खिडकीवर टकटक करून "साहेब, तुमचा मागचा ब्रेक घासून राहिला" असं सांगताना मी त्यांना इतक्यांदा पाहिलं आहे की सिग्नल सुटल्यावर मागून होणारा हॉर्नचा कल्लोळ मला आता त्यांच्या नावाची घोषणा वाटतो. एकदा तर त्यांनी भर रस्त्यात वरात थांबवली. फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडी, पुढे डीजे, नाचणारी मंडळी, आणि काका बोनेटवर हात ठेवून उभे. "डीजे बंद करा पाच मिनिटं. आयकू येऊन नाही राहिलं." कोण हा माणूस म्हणून चारजण अंगावर धावून आले. तोवर पेचकस कानाला लागला होता आणि डोळे मिटले होते. डोळे मिटलेल्या माणसाशी भांडता येत नाही. पंख्याचा एक बोल्ट जवळजवळ सुटायला आला होता. सुटला असता तर रेडिएटर गेला असता आणि नवरदेव पायी मांडवात पोचला असता. वीस मिनिटं वरात थांबली आणि मग काकांसकट पुढे गेली. घरी येऊन म्हणाले, "ना पोराकडचा, ना पोरीकडचा. रेडिएटरकडचा पाहुणा म्हणून जेवलो."

आता माझ्या आईबद्दल. चार वर्षांपूर्वी एका अपघातात तिचा उजवा पाय गेला नाही, पण गुडघ्यात वाकायचा मात्र कायमचा थांबला. असा सरळ पाय घेऊन बाबांच्या जुन्या छोट्या गाडीत बसणं म्हणजे शिडी कपाटात घालण्यासारखं होतं. आई दोनदा दारात अडकली, एकदा रडली आणि मग तिने बाहेर जाणं बंद केलं. दीड वर्ष. विहारातलं रविवारचं जाणं सुटलं, मैत्रिणी सुटल्या, फुटाळा तलावावरची संध्याकाळ सुटली. मी तेव्हा अपंगांसाठी बसला रॅम्प पाहिजे म्हणून शहरभर पत्रकं वाटत होते आणि माझी आई घरात खिडकीशी बसून होती. काका एक दिवस आले, आईला म्हणाले, "वैनी, जरा उभ्या राहा," आणि शिंप्याने घ्यावं तसं माप घेऊन गेले. आठवड्याने आमच्या गाडीची डावीकडची पुढची सीट फिरायला लागली. खाली पोळपाटाएवढ्या दोन लोखंडी चकत्या, मधे बसचं एक जुनं बेअरिंग आणि बाजूला एक खिटी. खिटी ओढली की सीट दाराकडे तोंड करायची. आईने पाठ करून बसायचं, पाय तसाच सरळ, आणि मग सीट हळूच फिरवून मागे सरकवली की आई आत. खिटी टक्क. ते बेअरिंग शोकेसमधलं होतं. बाबा आणि काकांनी मिळून उघडलेल्या शेवटच्या बसचं. काकांनी शोकेसमधून कुठलाही पार्ट बाहेर काढल्याचं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. दर महिन्याला ते स्वतः येऊन त्याला ग्रीस लावत. आई पुन्हा बाहेर पडू लागली. गुरुवारी धंतोलीत व्यायामाला, रविवारी विहारात, आणि कधीमधी नुसतीच, कुठेही नाही, एक चक्कर.

मागच्या वर्षी काका लेकीकडे अमरावतीला गेले होते आणि नेमकी तेव्हाच गाडी ब्रेक मारला की डावीकडे ओढायला लागली. काका येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण गुरुवार जवळ होता. मी गाडी वर्धा रोडवरच्या एका नव्या गॅरेजात नेली. काचेची भिंत, थंडगार वेटिंग रूम, गाडी घरपोच, बिल मागाहून. काउंटरवरच्या मुलीने गाडीच्या कामाचं कार्ड पुढे सरकवलं. "मॅडम, इथे साइन." माझ्या कानाला फोन होता. पलीकडे एका वस्तीतली ताई होती, तिला कंत्राटदाराचा माणूस कसल्याशा कागदावर सही मागत होता. मी तावातावाने सांगत होते, "ताई, न वाचता सही करू नका. बारीक अक्षरात काय आहे ते आधी वाचा. कितीही घाई करू दे तो." आणि हे सांगता सांगता मी सही केली. बारीक अक्षरावर. न वाचता. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. का लिहिते आहे ते पुढे कळेल.

बुधवारी गाडी घरी आली. गुरुवारी सकाळी आई नेसून, पर्स घेऊन गाडीपाशी गेली, नेहमीसारखी पाठ केली आणि हात मागे नेऊन खिटी चाचपू लागली. खिटी नव्हती. सीट नवी कोरी, प्लॅस्टिकचं कव्हर घातलेली, चार बोल्टांनी जमिनीला आवळलेली. बिलात ब्रेकखाली आणखी एक ओळ होती, सीट आणि तिचा सांगाडा बदलला म्हणून. आईने एकदा प्रयत्न केला. पाय दाराला लागला. मग ती घरात गेली आणि पर्स खिळ्याला परत अडकवून म्हणाली, "राहू दे वं. मी घरीच बरी."

तो खिळ्याचा आवाज मी कधी विसरणार नाही. मी गॅरेजला फोन केला. मालक माझ्याच वयाचा पोरगा. "मॅडम, ती सीट फिरत होती ना. चालत्या गाडीत फिरली असती तर? आम्ही सेफ्टी पाहिली." विचारलं का नाही? "फोन लावला होता. तुमचा बिझी होता." जुनी सीट कुठे आहे? "ते तर भंगारात गेलं." मी फोन ठेवला आणि जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं. 'परवानगी कुणाची?' असा मथळा. दुसऱ्याच्या गाडीत न विचारता घातलेला हात हा दुसऱ्याच्या घरात न विचारता घातलेला हात आहे, असं त्यात लिहिलं होतं आणि ते मला आजही पटतं. पाचशे प्रती काढल्या आणि शनिवारी सकाळी गॅरेजच्या फाटकावर उभी राहून वाटू लागले. वीसएक वाटून झाली असतील, तेवढ्यात मालक कार्ड घेऊन बाहेर आला. ओरडला नाही, शिवी दिली नाही, कार्ड फक्त माझ्यासमोर धरलं. 'गाडीत आढळेल ते सर्व आवश्यक काम करण्यास माझी संमती आहे.' खाली माझी सही. लांबलचक, शेवटी दोन टिंबं, शंभर निवेदनांवर केलेली. "परवानगी कुणाची, मॅडम? तुमचीच ना?" ज्यांच्या हातात माझं पत्रक होतं त्यातले दोघं तिथेच उभे होते.

रविवारी काका अमरावतीहून आले. मी त्यांना सगळं सांगितलं, सही सोडून. सोमवारी ते माझ्याबरोबर गॅरेजात आले. मालकाने खुर्ची दिली, चहा मागवला. काकांनी हात जोडले. "काम होयेपर्यंत मी गॅरेजचा चहा पेत नाही. चहा पेला का मंग तोंड गोड होते, बोलता येत नाही." मालकाने ते कार्ड काढून त्यांच्यासमोर ठेवलं. काकांनी चष्मा पुसला आणि कार्ड वाचायला घेतलं. वरचं नाव, गाडीचा नंबर, मधले चौकोन, बारीक अक्षर, माझी सही, आणि अगदी तळाशी छापखान्याचा पत्ता, तोही. मग म्हणाले, "सही चांगली हाय. हिच्या बाबाचीबी अशीच होती." कार्ड पालथं केलं, मागची कोरी बाजू पाहिली आणि विचारलं, "आता जुना पार्ट दाखवा."

"काका, परमिशन तर आहे ना," मालक म्हणाला.

"हाय ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो? नवीन बसवाची परमिशन हाय. जुना नेऊन टाकाची कुठं हाय? मी पुरं वाचलं."

मालकाने कार्ड उचलून पाहिलं. तशी ओळ खरोखरच नव्हती. बारीक अक्षर लिहिणाऱ्याला ती सुचलीच नव्हती. "पण तो माल गेला ना भंगारात. आता कुठून आणू?"

"जिथं गेला तिथून. मी बसतो."

आणि काका बसले. तीन दिवस. घरून घडीचं स्टूल आणि डबा घेऊन सकाळी नऊला यायचे आणि बंद व्हायच्या वेळी जायचे. मी दोन दिवस हातात फलक घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले, मग त्यांनीच सांगितलं, "तो बोर्ड खाली ठेव पोरी, गिऱ्हाइकायले गाडी दिसून नाही राहिली." ते घोषणा देत नव्हते, तक्रार करत नव्हते. फक्त ऐकत होते. गाडी आत आली की पेचकस कानाला. "साहेब, बेल्ट चांगला हाय तुमचा, अजून वर्षभर चालते. बदलू नोका." एका बाईंना म्हणाले, "तुमची बाई नाराज नाही, उपाशी हाय. हवा भरा." पहिल्या दिवशी मालकाने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी धुऊन पुसून गिऱ्हाइकाला द्यायला काढलेल्या एका गाडीपुढे काका आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "हे बाहेर नाही जाणार. पुढचं उजवं चाक रडून राहिलं." मोठ्या मिस्त्रीने वैतागून चाक खोललं. आतलं बेअरिंग फुटलेलं होतं. त्या गाडीच्या मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती. मिस्त्री ते बेअरिंग हातात धरून काकांच्या स्टुलाशी येऊन उकिडवा बसला. तिसऱ्या दिवशी गॅरेजातली निम्मी माणसं "काका, जरा याचा आवाज आयका ना" म्हणत त्यांना एका गाडीकडून दुसरीकडे नेत होती, आणि दुपारी मालक स्वतः येऊन म्हणाला, "चला काका. भंगारात जाऊ."

कळमन्याच्या रस्त्यावरच्या त्या गोदामात लोखंडाचा डोंगर होता. मालक, मिस्त्री, मी आणि काका. मी मनात म्हटलं, संपलं, इथे काय सापडणार. काका ढिगावर चढले नाहीत. दोन पावलं मागे सरून नुसते पाहत राहिले. ऊन तिरपं पडलं होतं. सगळा ढीग गंजून लाल झालेला. मग त्यांनी पेचकसाने एका ठिकाणी दाखवलं. "थे काय चमकून राहिलं, पाह्य बरं." एवढ्या गंजलेल्या डोंगरात एकच वस्तू काळी, तुकतुकीत, ओली होती. ग्रीस लावलेली. महिन्याच्या महिन्याला. मिस्त्रीने हात घालून ओढली. बोटं काळी झाली. बेअरिंग, चकत्या, खिटी, वरची सीट, सगळं शाबूत होतं.

दुसऱ्या दिवशी तीच सीट त्याच गॅरेजात, त्याच मिस्त्रीच्या हातांनी परत बसली. काका नुसते पाहत होते. मधेच मालक भीत भीत म्हणाला, "काका, एक सांगू? खिटी एकच आहे. निघाली तर चालत्या गाडीत खरंच फिरेल." मी तोंड उघडणार होते. काकांनी मला हाताने थांबवलं, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे मात्र तू बरोबर बोलला गा. हे मले सुचाले पायजे होतं." दुसरी खिटी बसली. बिलातली सीटची ओळ मालकाने स्वतः खोडली. ब्रेकचे पैसे मी दिले, ब्रेक उत्तम झाले होते. मग चहा आला आणि काकांनी तो प्यायला, बशीत ओतून, शेवटच्या थेंबापर्यंत. माझी उरलेली पत्रकं काकांनी मागून घेतली. हात पुसायला कागद बरा आहे म्हणाले आणि ती मिस्त्रीला दिली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुढच्या गुरुवारी आईने पर्स खिळ्यावरून काढली. पाठ केली, बसली, सीट फिरली, दोन खिट्या टक्क टक्क वाजल्या. मग तिने काचेतून विचारलं, "पण भाऊजी, त्या गॅरेजवाल्याइनं न इचारता हात लावलाच कसा?" मी जमिनीकडे पाहिलं. काका म्हणाले, "माह्यी चूक, वैनी. मी गावाले गेलो. गाडीसोबत मी पायजे होतो." त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ना तेव्हा, ना नंतर. मला आयुष्यात बरेच लोक भेटले जे सोबत उभे राहतो म्हणाले, माइकवरून म्हणाले. माझी चूक पूर्ण वाचून, छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचून, ती मुकाट स्वतःच्या नावावर घालणारा हा एकच. हे लिहायचं कारण तेवढंच. आई, ती सही माझी होती.

परवा काकांकडे गेले होते. शोकेसमध्ये बाबांच्या बेअरिंगची जागा अजून रिकामी आहे, पण चिठ्ठी तिथेच आहे. जुना मजकूर एका रेघेने खोडलेला आणि खाली नवा, "ड्यूटीवर."

काका आताशा हळू झाले आहेत. सिग्नलला खिडक्यांवर टकटक करत नाहीत. पेचकस कानाला लावतात, पण फार वेळ लावून ठेवतात, आणि मग दुसऱ्या कानाला लावतात. काकू म्हणतात, टीव्हीचा आवाज रोज एक घर वर चढतो. या महिन्यातही ते ग्रीस लावायला आले. आई बसली, मी सीट हळूहळू फिरवली. काकांनी मान वाकडी करून कान सीटपाशी आणला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे पाहिलं.

"आवाज येऊन राहिला का वं?"

"नाही काका. अजिबात नाही."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले आणि पेचकस खिशात ठेवला.